एकशे अठरा चौकोनांची भिंत

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक चांगली गोष्ट पुसून टाकत होते.

जुलैचे सुरुवातीचे दिवस होते. मध्य प्रदेशातला सौंसर ते लोधीखेडा रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या माध्यमिक शाळेत मला अतिथी शिक्षक म्हणून, एका वर्षाच्या बोलीवर, गणित शिकवायचं काम मिळालं होतं. पहिलाच दिवस, म्हणून मी वेळेच्या आधी पोचले. हातपंपाशेजारच्या भिंतीपुढे एक वयस्कर माणूस पँटचे पाय दुमडून उभा होता आणि बादलीतला चुना ब्रशने भिंतीला लावत होता. भिंतीवर निळ्या रंगात चौकोनांची मोठी जाळी आखलेली होती. काही चौकोनांत आकडे आणि नावं होती, काही रिकामे होते. नावं मुलांच्या हातची होती, पण प्रत्येक अक्षर जपून काढलेलं. तो माणूस एकेका नावावर ब्रश फिरवत होता.

मला वाटलं, पेंटर असेल.

"काका, इतकं छान लिहिलेलं कायले पुसून राहिले?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. "हे मागच्या आठवीनं लिहिलं. त्याइनं पाह्यलं होतं, म्हणून लिहिलं. आता नवी आठवी येऊन राहिली. याइनं कुठी पाह्यलं?"

मग त्यांनी खिशातून सुतळीला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि माझ्या पर्सच्या साखळीला लावून बघितलं. ते चिकटलं नाही. "पितळ असन नाई तर नुसता मुलामा," असं म्हणून ते परत चुन्याकडे वळले. मी कोण, कशाला आले, हे त्यांनी दुपारी विचारलं. ते पेंटर नाहीत, शाळेचे विज्ञानाचे सर आहेत, हे मलाही तेव्हाच कळलं.

ते चुंबक सगळ्यांनाच लागायचं. चहाच्या टपरीवरचा ग्लास, एसटीची दांडी, लग्नात आहेर म्हणून आलेली भांडी. कुणाच्या लग्नाला ते आले की यजमान आहेर आत नेऊन ठेवायचे, कारण "स्टील म्हणून दिलेलं स्टील आहे का" हे सर चारचौघांत तपासायचे. मूळचे ते सावरगावचे, पांढुर्ण्याला नदीपल्याडचे. गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठांची माणसं एकमेकांवर दगड फेकतात आणि ते पाहायला अख्खा परिसर नदीवर लोटायचा, तेव्हा सर सुटी असूनही शाळा उघडून बसायचे. जी चार-सहा पोरं येतील त्यांच्यासमोर दगड मांडायचे. "तिथी गोटे फेकून राहिले, आपण इथी गोटे ओळखू," म्हणायचे. ओळखायला दगड होतेही तसेच. आमच्या भागातल्या टेकड्यांत काळा, हाताला जड लागणारा दगड सापडतो. पोरं त्याने भिंतीवर रेघोट्या ओढत. सरांनी त्यांना सांगितलं की हे मँगनीज, भिंतीवरचा पंचवीस नंबर, आणि हा आपल्या गावाखाली झोपलेला आहे. त्यानंतर पोरं तो दगड घरी नेऊन देव्हाऱ्याजवळ ठेवू लागली.

भिंतीचा नियम एकच होता. जगात आजपर्यंत ओळखलेली मूलद्रव्यं एकशे अठरा, तितकेच चौकोन. वर्गाने जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, बाकी रिकामं ठेवायचं. शुद्ध पदार्थ पाहिला तर निळ्या रंगात. नुसतं खनिज किंवा संयुग पाहिलं तर गेरूने. "घर पाह्यलं, घरधनी नाई पाह्यला," असं ते गेरूबद्दल म्हणत. म्हणून आमच्या भिंतीवर सोडियम आणि क्लोरीन दोन्ही गेरूत होते, मीठ सगळ्यांनी पाहिलेलं. मँगनीजही गेरूतच. काही चौकोनांवर सर सुरुवातीलाच बारीक फुली मारून ठेवत. युरेनियम, आर्सेनिक, असे. "याच्या वाट्याले जायचं नाई. न पाहता राहिलं तरी चालते."

आठवीच्या पुस्तकात मूलद्रव्यांची ही सारणी नव्हतीच. पुस्तकात धातू आणि अधातू होते, तेही हिंदीत. घरात पोरं बोलायची मराठी. सर चौकोनात दोन्ही नावं लिहून घेत. पुस्तकातला जस्ता आणि घरातलं जस्त, पुस्तकातला लोहा आणि घरातलं लोखंड, आणि त्याखाली चिन्ह. "चिन्ह साऱ्या दुनियेचं एकच. तुमची भाषा कोणतीबी असो, तिथी जाऊन अडणार नाई."

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही व्हरांड्यात डबा खात होतो. त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर माहा एक जुना विद्यार्थी भेटला होता. वर्गात पहिला यायचा. पहिले वीस मूलद्रव्य असे धडाधड म्हणायचा की साहेब लोक टाळ्या वाजवत. भंगाराचं दुकान टाकलं त्यानं. मले म्हणे, सर, धातू विकता विकता उमर गेली, पण ते पोटॅशियम दिसते कसं? मी म्हटलं, चांदीवानी. तो म्हणे, तुमी पाह्यलं? मीबी नव्हतं पाह्यलं, मॅडम. पंधरा वर्षं शिकवून राहिलो होतो."

त्यांनी डबा बंद केला. "घरी जाऊन मी वही घेतली आन् जे पाह्यलं तेच लिहिलं. सतरा भरले."

तेव्हापासून दरवर्षी शाळा उघडली की चुना आणि नव्याने सुरुवात. सरांकडे नमुन्यांची एक पत्र्याची पेटी होती, ती वहीही तिच्यातच, पण ती कुलूपबंद असायची. पोरांनी स्वतः शोधून काही आणलं, तरच ताडून पाहायला पेटीतला नमुना बाहेर यायचा.

त्या वर्षी आठवीत एकतीस मुलं होती. टॉर्चच्या सेलचं कवच कापून जस्त आलं, आतली काळी कांडी कार्बन म्हणून आली. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार, जडीबुटीवाल्याकडून गंधकाचा खडा, मासे धरायच्या जाळ्याला बांधलेलं शिसं. एकाने पितळेचा लोटा आणला आणि त्यावरून तांबं आणि जस्त दोन्ही लिहायची परवानगी मागितली. सर म्हणाले, "हा दोघांचा संसार आहे. एकट्याले दाखव." एकाने फुटलेला थर्मामीटर रुमालात बांधून आणला, तेव्हा मात्र त्यांनी आवाज न चढवता साऱ्या पोरांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या आणि तोंडाला रुमाल बांधून पाऱ्याचे थेंब कागदाच्या कडेने गोळा करत सुटीपर्यंत एकटे बसले. सगळे थेंब पाण्याच्या बाटलीत बंद झाल्यावर पोरांना वाटलं, आता ऐंशी नंबर भरणार. सर म्हणाले, "आज नाई. घाबरून पाह्यलेलं पाह्यलं नसते." आठवड्याने बाटली टेबलावर ठेवून, सगळ्यांना लांब उभं करून नीट दाखवली, मग चौकोन भरला.

सोन्याची गोष्ट तर मी कितीतरी लोकांना सांगितली आहे. आचल नावाची एक मुलगी वर्गात होती. अंगाने बारीक, आवाजही बारीक, पण एखादी गोष्ट हातात घेतली की सोडायची नाही. तिची आई कापूस वेचायला जायची. आचलने घरी सांगितलं की आमच्या भिंतीवर एकोणऐंशी नंबर रिकामा आहे आणि तो तुझ्या गळ्यात आहे. मंगळसूत्र काढून द्यायला आई तयार नव्हती, पण एक दिवस शेतावर जायच्या आधी ती स्वतःच शाळेत आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. काळ्या मण्यांत सोन्याचा एकच मणी होता. एकतीस मुलं रांगेने तिच्यासमोरून गेली. ती लाजली होती, पण मान ताठ होती. आणि सर? सर तेवढा वेळ फळ्याकडे तोंड करून उभे होते. परक्या बाईच्या गळ्याकडे पाहणं त्यांना बरं वाटेना. त्या दिवशी सोन्याच्या चौकोनात मुलांनी नाव लिहिलं आणि सरांनी खाली बारीक अक्षरात स्वतःच्या हाताने टीप घातली, 'सरांनी पाहिले नाही.'

आता ज्या चौकोनामुळे सगळं घडलं तो सांगते. तो उजवीकडे, अगदी वरच्या कोपऱ्यात असतो. दोन नंबर. हेलियम.

थंडीत सौंसरला जत्रा भरली तेव्हा पोरांना तिथे फुगेवाला दिसला. त्याचे फुगे वर ओढ घ्यायचे. आचल धावत सरांकडे गेली. सरांनी एक फुगा घेतला, दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात दगडाला बांधला, सगळ्यांना लांब लिंबाच्या झाडामागे उभं केलं आणि लांब बांबूच्या टोकाला पेटती चिंधी बांधून फुग्याजवळ नेली. असा बार झाला की गावातली कुत्री भुंकायला लागली. आगीचा गोळा दिसला आणि विझला.

"हा एक नंबर," सर म्हणाले. "हायड्रोजन. हलका असते आन् पेटते. लिहा."

पोरं नाचत भिंतीकडे पळाली. आचल तिथेच उभी राहिली. "मंग सर, हेलियम कोणता असन?"

"जो वर जाईन आन् पेटणार नाई. आपल्या हाताले लागणारा असा एकच आहे."

तिने मान हलवली आणि त्यानंतर तो चौकोन तिचाच झाला. ती दररोज प्रार्थनेच्या वेळी त्या कोपऱ्याकडे पाहायची.

जानेवारीत मुख्याध्यापकांना कळलं की जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार आहेत. मुख्याध्यापकांना आम्ही बडे सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण साहेब म्हटलं की त्यांच्या हाताला घाम यायचा. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, ते भिंत पाहून मले झोप येऊन नाई राहिली. अर्ध्याहून जास्त रिकामी. साहेब म्हणन, मास्तरले येत नाई वाटते. तुमचं अक्षर चांगलं आहे. चार्ट देतो, सारं भरून टाका."

"सरांना विचारलं?"

"त्याइले विचारलं तर ते हो म्हणतीन का?" मग ते थोडं थांबून म्हणाले, "अतिथीवाल्यांची यादी पुढच्या वर्षी परत बनणार आहे. मी तुमचं चांगलंच लिहीन."

मी भरलं. खोटं कशाला सांगू. दोन तास लागले. निळ्या रंगात एकेक नाव, ओळीत, सुबक. हेलियम, लिथियम, निऑन, प्लॅटिनम. फुल्या मारलेलेसुद्धा भरले. त्यातलं मी काहीही पाहिलेलं नव्हतं. हात भरभर चालत होता आणि मला माझ्याच अक्षराचं कौतुक वाटत होतं.

सोमवारी प्रार्थनेला सगळी मुलं भिंतीकडे तोंड करून उभी होती. आचल माझ्याजवळ आली.

"मॅडम, हे सारे तुमी पाह्यले?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की मॅडमनी कुठूनतरी सगळे पाहिले असतील आणि आता आम्हालाही दाखवतील. मी "वर्गात जा" एवढंच म्हटलं.

सर थोड्या वेळाने आले. भिंतीसमोर उभे राहिले. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. मग पँटचे पाय दुमडले आणि चुन्याची बादली आणली.

बडे सर धावत आले. "सर, हात जोडतो. साहेब सौंसरले पोचले, फोन आला. अर्ध्या तासात इथी असतीन."

"अर्ध्या तासात होऊन जाते," सर म्हणाले.

तसं झालं नाही. साहेबांची गाडी फाटकात शिरली तेव्हा सर शिडीवर होते. त्यांच्या पाठीमागे आठवीची मुलं उभी होती आणि सर प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून वर्गाला विचारत होते. मुलं "नाई" म्हणाली की चुना. "हो" म्हणाली की पुढे.

"यह क्या चल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"तपासणी, साहेब," सर शिडीवरून उतरत म्हणाले.

साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी आचलकडे बोट केलं. "छब्बीस नंबर क्या है?"

"लोखंड, साहेब. हातपंपाची दांडी आहे, सरांचं चुंबक लागते त्याले."

"और दो नंबर?"

"रिकामा आहे, साहेब."

"किताबों में तो लिखा होता है।"

"मोठ्या किताबीत असन. आमी नाई पाह्यला."

साहेब बडे सरांकडे वळले. "आधी दीवार पर नाम हैं, आधी पर चूना। ये किसने लिखा था?"

बडे सर माझ्याकडे पाहू लागले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते ब्रश बादलीत धूत होते. त्यांनी मला अडकवलं नसतं, पण माझ्यासाठी खोटंही बोलले नसते, हे मला माहीत होतं.

"मैंने लिखा था, सर," मी म्हटलं. "बिना देखे लिखा था। ये ठीक कर रहे हैं।"

साहेब पाच मिनिटांत निघून गेले. आठवड्याने दोन कागद आले. एक सरांना, अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवण्याबद्दल आणि सारणी अपूर्ण ठेवण्याबद्दल खुलासा द्या. दुसरा शाळेला, मार्चअखेर भिंत पुसून स्वच्छतेची घोषणा लिहावी. त्या भिंतीवर आज तीच घोषणा आहे, अक्षरं माझ्यापेक्षा चांगली आहेत.

सरांनी खुलासा माझ्यासमोर लिहिला. एकच वाक्य. 'रिकामे चौकोन चुकून राहिलेले नाहीत, ठेवलेले आहेत.' खाली सही. बडे सर म्हणाले, थोडं वाढवा, माफी लिहा. सरांनी सहीखाली तारीख घातली. पुढे त्या खुलाशाचं काहीच झालं नाही. फेब्रुवारीअखेर ते रिटायरच होणार होते, म्हणून कुणी फाईल हलवली नसेल.

भिंत जाणार हे मुलांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता सगळं थंडावेल. उलट झालं. उरलेल्या दिवसांत मुलं झपाटल्यासारखी काहीबाही आणू लागली. कल्हईवाल्याकडून कथलाचा तुकडा आला, जुन्या बल्बची टंगस्टनची तार आली. आणि आचल एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, नागपूरले सजावटीच्या दुकानात हेलियमचं सिलिंडर असते. माह्या मामानं लग्नात पाह्यलं. आई म्हणे, मॅडम संग असतीन तर जा."

मी सौंसरची. नागपूरची बस माझ्या घरासमोरून जाते. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, आणि नाही म्हणायची इच्छा तर मुळीच नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सीताबर्डीत चार दुकानं पालथी घातल्यावर एका जिन्याखालच्या दुकानात सिलिंडर मिळालं. दुकानदाराने फुगा नळीला लावत विचारलं, "बर्थडे कोणाचा आहे?"

"कोणाचाच नाई," आचल म्हणाली. "हे हायड्रोजन तर नाई ना?"

दुकानदार हात थांबवून तिच्याकडे पाहतच राहिला. "हेलियम आहे, बेटा. सिलिंडरवर लिहिलं आहे."

"लिहिलेलं राहू द्या. पेटवून पाहू."

"इथी नको!" तो घाबरून म्हणाला.

आम्ही दोन फुगे घेतले, एक लाल, एक पिवळा. परतीच्या बसमध्ये ते छताला जाऊन टेकले. उन्हं तापली होती, पण आचलने आमची खिडकी उघडू दिली नाही. पुढच्या सीटवरचा शेतकरी घाम पुसत म्हणाला, "पोरी, जरा हवा येऊ दे." तिने त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, भिंतीसकट. त्यानेही मग त्याची खिडकी बंद केली. सावनेरच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि लाल फुगा छताच्या खिळ्याला लागून फुटला. सगळी बस दचकली. आचलने पिवळा फुगा खाली ओढला, ओढणीत गुंडाळला आणि पोटाशी धरून बसली. पुढचा सगळा रस्ता ती हलली नाही. मी तिला पाणी विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. हात सोडवायला नको होते तिला.

असे फुगे रात्रीतून सैल पडतात, दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून मी बसमधूनच सरांना फोन केला. ते सावरगावहून मोटारसायकलवर तेवढं अंतर तोडून आले. आम्ही गावात उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शाळेच्या मैदानात एकतीसपैकी अठ्ठावीस मुलं हजर होती, आणि कापूस विकून परतलेले काही बापही.

सरांनी फुगा पाहिला. सुतळी सोडून पाहिली, तो वर ओढ घेत होता. "अर्धं झालं," म्हणाले. "वर जाते. आता दुसरं."

मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. "सर, एकच आहे. पेटवला तर फुगा जाईल."

"न पेटवता कसं कळन?"

"आणि तो हायड्रोजन निघाला तर?"

"तर दोन नंबर रिकामा राहीन."

मी आचलकडे पाहिलं. दिवसभर पोटाशी धरलेला तो फुगा तिने एकदा नीट बघून घेतला. मग स्वतःच जाऊन दगडाला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"बांबू मी धरतो," सर म्हणाले.

"मी धरतो, सर," आचल म्हणाली. आमच्याकडे मुलीही पुष्कळदा असंच बोलतात.

सरांनी तिला बांबूच्या अगदी शेवटच्या टोकाला उभं केलं, स्वतः तिच्यामागे थांबून बांबूला हात लावून राहिले. बाकी सगळे लिंबाच्या झाडामागे. पोरांनी कानांत बोटं घातली. चिंधी पेटली. बांबू थोडा डुगडुगला, मग सरळ झाला आणि ज्वाळा पिवळ्या फुग्याला लागली.

फट्.

फक्त रबर फुटल्याचा आवाज. ना आगीचा गोळा, ना बार. चिंधीची ज्वाळा क्षणभर दबली आणि परत पहिल्यासारखी जळू लागली. फुग्याचं चिंधोटं दगडावर पडलं होतं. पोरांनी कानांतली बोटं काढली. काहीही झालं नव्हतं, आणि ते अठ्ठावीस जणांनी पाहिलं होतं.

मग कुणीतरी ओरडलं आणि सगळी भिंतीकडे धावली. आचल शिडीवर चढली. घाईत दोनचा आकडा जरा तिरका आला. सरांनी तो सुधारू दिला नाही. ते हातपंपाच्या ओट्यावर बसले होते आणि चष्मा पुसत होते. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," एवढंच म्हणाले. कुणाला म्हणाले माहीत नाही, जवळ मी होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सर रिटायर झाले. हार नको, भाषण नको, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पत्र्याची पेटी मात्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि किल्ली बडे सरांकडे नाही, आचलकडे दिली. नवीन माणूस येईपर्यंत विज्ञान मीच घ्यावं असं ठरलं. पुढच्या वर्षी अतिथींच्या यादीत माझं नाव नव्हतं. आता मी पांढुर्ण्याला एका खासगी शाळेत आहे. आचल सौंसरला नववीत जाते, सायकलने.

पण ते सगळं नंतरचं, तेव्हा मार्च संपायचा होता. भिंतीला दोनच दिवस उरले होते, पेंटर ठरला होता. त्या सकाळी आचल वडिलांचा टेस्टर घेऊन आली, घरोघरी असतो तो, वीज आहे का बघायचा स्क्रू-ड्रायव्हर.

"मॅडम, हेलियमच्या खालचा चौकोन. दहा नंबर. पेटीतल्या सरांच्या वहीत लिहिलं आहे, टेस्टरमधल्या दिव्यात निऑन असते."

मी तो टेस्टर शेकडो वेळा हातात धरला होता. लाईट गेली की आमच्या घरी तोच पहिला शोधतात. मी स्वतः तो वर्गातल्या प्लगमध्ये घातला, मागच्या टोपीला बोट लावलं. उन्हात काही दिसेना. मुलांनी खिडक्यांना दप्तरं लावली, मी दुसऱ्या तळव्याने आडोसा केला आणि वाकून आत पाहिलं. तांदळाएवढ्या काचेत उजेड होता. मग एकेकाला बोलावून दाखवला. सगळे झाल्यावर मी परत एकदा पाहिला.

काचेत बंद असलेलं निळ्यात लिहायचं की नाही, हे मला ठरवता येईना. मी सरांना फोन लावला. ते संत्र्याच्या बगीच्यात होते, मागे पंपाचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.

"रंग कोणता?" त्यांनी विचारलं.

"नारिंगी, सर. पिकलेल्या संत्र्यासारखा."

"मंग लिहा ना, मॅडम," सर म्हणाले. "कायले थांबल्या?"